सुपरमॅन विरुद्ध कॅप्टन मार्व्हल: खरे ऋण कोणाचे?

१/ दोन सुपरहिरो समोरासमोर आले की वाचकांत वाद ठरलेला: जिंकेल कोण? सुपरमॅन आणि कॅप्टन मार्व्हल (आजचा शझाम) यांच्यापुरते या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या न्यायालयात शोधले गेले. ते उत्तर आज वाचताना अपुरे वाटते. #थ्रेड

२/ जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. जेरी सीगल आणि जो शुस्टर हे त्याचे निर्माते. या दोघा तरुणांनी आपल्या नायकाचे हक्क प्रकाशकाला अवघ्या १३० डॉलरना विकले होते. हा आकडा ध्यानात असू द्यावा.

३/ फेब्रुवारी १९४० च्या 'व्हिझ कॉमिक्स'मधून फॉसेट प्रकाशनाने कॅप्टन मार्व्हल आणला. लेखक बिल पार्कर, चित्रकार सी. सी. बेक. अचाट बळ आणि पाठीवरची केप ही साम्ये उघड होती. भेद मात्र मुळातच होता. सुपरमॅन परग्रहावरून आलेला. कॅप्टन मार्व्हल म्हणजे 'शझाम' हा शब्द उच्चारताच महाबली होणारा बिली बॅटसन नावाचा अनाथ मुलगा.

४/ बालवाचकांनी हा भेद अचूक हेरला. सुपरमॅनचे कौतुक करता येई. बिली मात्र स्वतः होता येई. चाळीसच्या दशकात काही काळ कॅप्टन मार्व्हलने विक्रीत सुपरमॅनलाही मागे टाकले. सुपरमॅनच्या प्रकाशकाने १९४१ मध्येच नकलेचा दावा दाखल केला होता.

५/ वाद बारा वर्षे रेंगाळला. १९५० मध्ये निकाल फॉसेटच्या बाजूने लागला. १९५१ मध्ये अपिलात न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी तो फिरवला. अखेर तडजोड झाली. फॉसेटने ४ लाख डॉलर भरले आणि १९५३ मध्ये कॅप्टन मार्व्हलचे प्रकाशन थांबवले. कॉमिक्सची घसरती विक्री हेही त्यामागचे एक कारण होते.

६/ नक्कल झालीच नाही, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. कनिष्ठ न्यायालयानेही नक्कल मान्य केली होती. स्वामित्वहक्काच्या सूचनेतील त्रुटींमुळे फॉसेटला तेव्हा दिलासा मिळाला. कायद्याच्या दृष्टीने सुपरमॅनची बाजू भक्कमच होती. नैतिक अधिकाराचा प्रश्न मात्र निराळा आहे.

७/ कारण याच काळात, १९४७ मध्ये, सीगल आणि शुस्टर यांनी हक्कांसाठी आपल्याच प्रकाशकाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. परिणामी सुपरमॅनच्या कथांवरून त्यांची नावे नाहीशी झाली. नायकाच्या मौलिकतेसाठी झगडणाऱ्या संस्थेने ती मौलिकता ज्यांची, त्यांनाच पुसून टाकले. १३० डॉलरचा तो व्यवहार इथवर येऊन पोहोचला.

८/ ती नावे परतली १९७५ मध्ये, वार्षिक मानधनासह. त्यासाठी लोकमत उभे करणाऱ्यांत चित्रकार नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन अग्रभागी होते. हे रॉबिन्सन बॅटमॅनचे आरंभीचे चित्रकार. बॅटमॅनला घडवणारा हात सुपरमॅनच्या निर्मात्यांसाठी पुढे आला. दोन नायकांच्या मैत्रीची याहून मोठी कथा कोणत्या अंकात सापडेल?

९/ कॅप्टन मार्व्हलचे प्रमुख लेखक ऑटो बाइंडर यांचे पुढे काय झाले? ते सुपरमॅनच्याच कथा लिहू लागले. १९४२ मध्ये त्यांनी बिलीची बहीण मेरी मार्व्हल हिला आणले होते. १९५९ मध्ये सुपरगर्लची पहिली कथा त्यांनीच लिहिली. पराभूत गोटातल्या लेखणीने विजेत्याचे कुटुंब वाढवले.

१०/ १९७२ मध्ये सुपरमॅनच्या प्रकाशकानेच कॅप्टन मार्व्हल वापरण्याचा परवाना घेतला. तोवर ते नाव मार्व्हल कंपनीकडे गेले होते, म्हणून मालिकेचे शीर्षक ठरले 'शझाम!'. १९७३ च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर पडदा सारून त्याला वाचकांपुढे आणतो तो सुपरमॅन. ज्याच्या नावाने हा नायक मिटवला गेला, तोच आता त्याचा यजमान.

११/ १९९६ च्या 'किंगडम कम'मध्ये दोघे जीव तोडून लढतात. निर्णायक क्षणी मात्र सुपरमॅन जगाच्या भवितव्याचा निर्णय बिलीवर सोपवतो; कारण माणूस आणि महामानव या दोन्ही जगांत वावरणारा एकटा बिलीच आहे. प्रतिस्पर्ध्यापाशी आपल्यात नसलेले काहीतरी आहे, हे ओळखणे आणि त्यापुढे मान तुकवणे, हाच खरा आदर.

१२/ म्हणून 'कोण जिंकेल?' हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला फार दूर नेत नाही. कोण कोणाचा ऋणी, आणि ते ऋण कोणी केव्हा मान्य केले, हे विचारावे. सुपरमॅनचा नवा अंक हाती आला तर लढाईच्या पानाआधी श्रेयनामावली वाचावी. सीगल आणि शुस्टर ही पुसलेली दोन नावे तिथे परतली ती १३० डॉलरच्या त्या व्यवहारानंतर ३७ वर्षांनी. (समाप्त)