आधी एक ब्लाऊज उसवा

बारावीचा निकाल लागला की शहादा-तळोद्याकडून मला फोन येऊ लागतात. 'मुलीला फॅशन डिझायनर व्हायचंय, कुठं घालू?' मी उलट विचारते, तिला काज करता येतं का? पलीकडे शांतता. मग आई जरा रागावूनच म्हणते, 'अहो, तिला शिवणकाम नाही करायचं!'

इथंच गाडं अडतं. चित्राला हात चांगला असेल तर उत्तमच. पण कागदावर देखणा दिसणारा गळा अंगावर का ओढला जातो, ते चित्रातून कळत नाही. म्हणून माझं ऐका. नेमका बसणारा एक जुना कटोरी ब्लाऊज घ्या आणि टीप न टीप उसवा. एकेक तुकडा इस्त्री करून वर्तमानपत्रावर ठेवा, कडेनं पेन्सिल फिरवा. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा खोल का? कटोरी उरेब का कापली? बगलेत माया जास्त का सोडली? आता त्याच मापानं मांजरपाट बेतून नवा शिवा. पहिला बिघडेल, दुसराही. बिघडू द्या, मांजरपाट स्वस्त असतो.

चित्राकडून कापडाकडं कसं वळायचं ते बघा: कोल्हापूरच्या भानू अथय्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या चित्रकार. मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढायच्या. एका संपादिकेनं बुटीक उघडलं, कपडे करून बघ म्हटलं आणि त्यांना वाट सापडली. 'गांधी'साठी 1983 साली जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळालं. भारतीयाला मिळालेलं ते पहिलं. त्या चित्रपटात झगमगाट कितीसा आहे? पंचे, धोतरं, सुती साड्या.

नंदुरबारकरांना एक गोष्ट आयती मिळाली आहे, ती म्हणजे सुरत. नवापूरमार्गे गाडीनं तीनेक तास. रिंग रोडच्या बाजारात एक दिवस नुसतं कापड हाताळा. कोणतं कात्रीखाली सरकतं, कशाच्या कडेची सुतं निघतात, मीटरमागे घाऊक भाव काय, सगळं वहीत उतरवा. अंतरानं बघितलं तर मुंबईच्या मुलीलाही सुरत इतकी जवळ नाही.

कॉलेजचं म्हणाल तर निफ्टच्या (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) डिझाइन पदवीला बारावीची कोणतीही शाखा चालते. लेखी परीक्षेत सामान्य क्षमता आणि कल्पकता तपासतात; पुढच्या फेरीत दिलेल्या साहित्यातून वस्तू घडवून दाखवायची असते. आपल्या पोरांचे हात तिथं कमी पडत नाहीत. अनुसूचित जमातीसाठी 7.5 टक्के जागा राखीव आहेत. फी मात्र लाखांत जाते, तेव्हा फॉर्मच्या आधीच नंदुरबार किंवा तळोद्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात शिष्यवृत्तीची चौकशी करा. जातवैधतेचं प्रमाणपत्र तर अकरावीतच मागायला लागा. निफ्ट जमत नसेल तर आयटीआयचा शिवणकामाचा ट्रेड बघा. शिलाईवरच पोट असणाऱ्यांना पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी 15,000 रुपये आणि 5 टक्क्यांनी 1 लाखाचं पहिलं कर्ज मिळू शकतं.

सहा महिन्यांच्या 'डिप्लोमा'पासून मात्र सांभाळून. माझ्या भाचीनं असा एक केला. फाईलभर चित्रं घेऊन आली, कात्री कुणी हातात दिलीच नव्हती. पैसे भरण्याआधी विचारा, मशिनं किती आणि प्रत्येक मुलगी किती कपडे पूर्ण शिवते?

आणि आपल्याकडची काठी गावची आदिवासी होळी आठवा. मोरपिसांचे टोप, कंबरेचे घुंगरू, बायकांची चांदी. शहरातले लोक फोटो काढून नेतात आणि कुर्त्यावर 'ट्रायबल प्रिंट' छापतात. तुम्ही तसं करू नका. आजीला विचारा, या दागिन्याला आपल्या बोलीत काय म्हणतात, घडवतं कोण, कधी घालतात. ते लिहून ठेवा. त्यावरून काही केलंत तर घडवणाऱ्याचं नाव द्या आणि पैसाही त्याला पोचवा.

सुरुवातीची काही वर्षं घर चालेल ते ब्लाऊज, पिको-फॉल आणि शाळेच्या गणवेशांवर. गणवेशासाठी मुख्याध्यापकांना मार्चमध्येच गाठा. जूनमध्ये गेलात तर कापड दुसऱ्याच्या टेबलावर बेतून झालेलं असतं.