पाच लाखांची रेघ

पासबुक उघडलं की पहिल्या पानावर एक छोटा मजकूर असतो. या बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं, म्हणजे डीआयसीजीसीचं, संरक्षण आहे आणि ते प्रत्येक ठेवीदाराला पाच लाख रुपयांपर्यंत आहे, असं त्यात लिहिलेलं असतं. २०१९ च्या ऑक्टोबरात पीएमसी या सहकारी बँकेत ठेवीदारांचे पैसे अडकल्याचं प्रकरण ताजं होतं आणि ही मर्यादा एक लाखाची होती. तेव्हा एका मोठ्या खासगी बँकेच्या पासबुकावरच्या अशाच शिक्क्याचं छायाचित्र मोबाइलवर फिरलं आणि लोक घाबरले. बँकेला खुलासा करावा लागला की रिझर्व्ह बँकेच्या २०१७ सालच्या परिपत्रकाप्रमाणेच हा शिक्का मारला जातो. लोकांची भीती मला समजते. एक लाखाची ती मर्यादा १९९३ पासून लागू होती, पण आयुष्यभराची पुंजी बँकेत ठेवणाऱ्या असंख्य माणसांना ती त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत निवृत्तीचे पैसे कुठे ठेवावेत, हा प्रश्न सतत असतो. त्यातल्या अनेक पत्रांत चित्र सारखंच दिसतं. फंड आणि ग्रॅच्युइटीची सगळी रक्कम एकाच सहकारी बँकेत मुदत ठेवीत, कारण शाखा घराजवळ आहे, काउंटरवरची माणसं नावानं ओळखतात आणि व्याज एक टक्क्यानं जास्त आहे. ही तिन्ही कारणं खरी आहेत, त्यांना मी कमी लेखणार नाही. मात्र त्या एक टक्क्याचा हिशेब कागदावर मांडून बघा. दहा लाखांवर एक टक्का जास्त म्हणजे वर्षाला दहा हजार रुपये, तेही कर वजा होण्याआधी. या दहा हजारांसाठी वरचे पाच लाख आपण विम्याच्या बाहेर उभे करतो.

ठेवींचा विमा आपल्याकडे आला तोच बँका बुडाल्यामुळे. १९६० मध्ये लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक कोसळली, ठेवीदार रस्त्यावर आले आणि संसदेला कायदा करावा लागला. १ जानेवारी १९६२ पासून महामंडळ सुरू झालं. तेव्हा संरक्षण होतं दीड हजार रुपयांचं. ते वाढत वाढत १९९३ मध्ये एक लाखावर आलं आणि तिथेच सत्तावीस वर्षं थांबलं. या काळात पगार, घरांच्या किमती, औषधपाण्याचा खर्च सगळं कुठल्या कुठे गेलं. पीएमसीच्या ठेवीदारांनी मुंबईत महिनोन्‌महिने निदर्शनं केली, त्यानंतर ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा पाच लाख झाली. या विम्याचा हप्ता बँक भरते, शंभर रुपयांमागे वर्षाला जास्तीत जास्त बारा पैसे. तो ठेवीदाराकडून वसूल करता येत नाही. आपल्याला अर्ज करावा लागत नाही, की विम्याची वेगळी पावती मिळत नाही. म्हणूनच बहुधा आपलं त्याच्याकडे लक्ष जात नाही.

नियम नीट समजून घेऊ, कारण गैरसमज इथेच होतात. पाच लाख हे पावतीमागे नाहीत आणि शाखेमागेही नाहीत. एका बँकेत एका माणसाच्या नावावर जे काही आहे, बचत खातं, चालू खातं, आवर्ती ठेव, मुदत ठेव, सगळ्या शाखा मिळून, त्या एकूण रकमेला पाच लाख. दादरच्या शाखेत तीन लाख आणि ठाण्याच्या शाखेत तीन लाख ठेवले तर बेरीज सहा होते आणि एक लाख उघडं पडतं. शिवाय पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतात. त्यामुळे पाच लाखांची ठेव व्याज मुदतीअखेर घेण्याच्या बोलीवर ठेवली, तर पहिल्या तिमाहीचं व्याज जमा होताच ती रेघ ओलांडते. साडेसात टक्के दर असेल तर चार लाख तीन वर्षांत जवळजवळ पाच लाख होतात. म्हणजे अशा ठेवीत सुरुवातीला चार लाखांच्या वर जाऊ नये. त्याच बँकेचं कर्ज अंगावर असेल, तर बँकेला ते आधी वळतं करून घेता येतं. आणि सहकारी बँकेचे शेअर ही ठेव नव्हे. कर्ज घेताना कापून घेतलेलं भागभांडवल विम्यात येत नाही.

संयुक्त खात्याचा नियम मात्र ठेवीदाराच्या बाजूचा आहे. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर पाच लाख, बायकोच्या एकटीच्या नावावर पाच, नवऱ्याचं नाव पहिलं असलेल्या संयुक्त खात्यात पाच आणि बायकोचं नाव पहिलं असलेल्या संयुक्त खात्यात आणखी पाच, ही चारही खाती कायद्याच्या दृष्टीनं वेगवेगळ्या हक्कानं धरलेली आहेत, म्हणून प्रत्येकाला वेगळं संरक्षण मिळतं. काही एजंट आणि काही बँकांचे अधिकारीही हा मार्ग सुचवतात. तो कायदेशीर आहे, पण एकाच बँकेत वीस लाख ठेवण्यासाठी कोणी वापरावा असं मला वाटत नाही. कारण बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले की वीसच्या वीस लाख एकाच दिवशी अडकतात. विमा पैसे बुडू देत नाही, अडकू मात्र देतो.

अडकणं म्हणजे काय, हे पुणेकरांना सांगायला नको. १९१२ साली सुरू झालेल्या रुपी बँकेवर रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध घातले आणि परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. मधल्या काळात मुलींची लग्नं, ऑपरेशनं, शिक्षणाच्या फिया, सगळं त्या अडकलेल्या पैशांच्या आशेवर थांबलेलं किंवा उसनवारीवर निभावलेलं. मुंबईच्या सीकेपी बँकेच्या ठेवीदारांनी २०१४ ते २०२० अशी वर्षं मोजली. तेव्हाच्या कायद्यात विम्याचे पैसे बँक अवसायनात निघाल्यावरच मिळत, आणि तोवर ठेवीदार ना इकडचा ना तिकडचा. २०२१ मध्ये कायदा बदलला. १ सप्टेंबर २०२१ पासून नियम असा आहे की पैसे काढण्यावर निर्बंध आले की नव्वद दिवसांत विम्याची रक्कम हाती पडली पाहिजे. पहिल्या पंचेचाळीस दिवसांत बँकेनं ठेवीदारांची यादी द्यायची, पुढच्या पंचेचाळीस दिवसांत महामंडळानं पैसे द्यायचे. बँकेच्या विलीनीकरणाची बोलणी चालू असतील तर आणखी नव्वद दिवस लागू शकतात. रुपीच्या ठेवीदारांना याच तरतुदीखाली सातशे कोटींहून अधिक रक्कम मिळाली. ही सुधारणा मी फार मोलाची मानतो. तरीही नव्वद दिवसांचा घरखर्च दुसऱ्या बँकेत हवाच, हेही तीच सुधारणा सांगते.

पीएमसीत २०१९ च्या सप्टेंबरात पहिल्या दिवशी काढता येणारी रक्कम होती एक हजार रुपये, सहा महिन्यांसाठी. एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जं हजारो बनावट खात्यांआड लपवली होती, असं तपासात पुढे आलं. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि पाच लाखांवरच्या ठेवीदारांना हप्त्याहप्त्यानं, दहा वर्षांपर्यंतचं वेळापत्रक मिळालं. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षांचं वेळापत्रक देणं याचा अर्थ काय होतो, हे वेगळं लिहायची गरज नाही. उलट १३ फेब्रुवारी २०२५ ला मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तिजोरीतल्या १२२ कोटींच्या अपहाराचा गुन्हा दाखल झाला, पण ऑगस्टमध्ये सारस्वत बँकेनं ती सामावून घेतली आणि ठेवी वाचल्या. दोन्ही बँकांचे ठेवीदार तेवढेच साधे आणि तेवढेच प्रामाणिक होते. आपल्या बँकेच्या वाट्याला यातलं काय येईल हे ठेव ठेवताना कोणाला कळत नाही. म्हणून रेघ आपणच आखायची.

परवाना रद्द होताना रिझर्व्ह बँकेच्या पत्रकात एक वाक्य बहुतेक वेळा असतं: इतके टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल. रुपीच्या वेळी हा आकडा ९९ टक्क्यांच्या वर होता. तो खरा आहे, पण तो माणसांचा आकडा आहे, पैशांचा नाही. मार्च २०२४ अखेर देशातली जवळपास ९८ टक्के खाती पूर्ण विम्यात बसत होती, रकमेच्या हिशेबात मात्र फक्त ४३ टक्के ठेवी. उरलेल्या एक-दोन टक्क्यांत मोठे व्यापारी आहेत तसेच नुकतेच निवृत्त झालेले शिक्षक आणि कारकूनही आहेत, ज्यांच्या हातात आयुष्यात एकदाच मोठी रक्कम येते.

आणि त्यांत आहेत गृहनिर्माण सोसायट्या. याविषयी फार कमी बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सोसायटी ही कायद्याच्या दृष्टीनं एक ठेवीदार. साठ सदनिकांच्या सोसायटीनं मोठ्या दुरुस्तीसाठी घरटी पन्नास हजार गोळा केले, तर तीस लाख झाले. विमा पाच लाखांचा, म्हणजे घरामागे ८,३३३ रुपयांचा. उरलेले पंचवीस लाख बँकेच्या तब्येतीवर अवलंबून. सिंकिंग फंड, लिफ्ट बदलण्याचा निधी, रंगकामाचा निधी वर्षानुवर्षं एकाच सहकारी बँकेत नूतनीकरण होत राहतात, कारण आधीच्या कमिटीनं तिथे खातं उघडलेलं असतं. पीएमसीत अशा अनेक सोसायट्या अडकल्या. वार्षिक सभेत पार्किंगवर दोन तास भांडण होतं आणि निधी कुठल्या बँकांत किती आहे, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. तो विचारायला हवा. सोसायट्यांसाठी विम्याची मर्यादा सभासदांच्या संख्येशी जोडावी, अशी मागणी सहकार क्षेत्रानंच केली पाहिजे, असं माझं मत आहे. पाच लाखांचा आकडाही पुन्हा सत्तावीस वर्षं तसाच राहू नये. ठरावीक काळानं त्याचा फेरविचार व्हावा, हे कायद्यातच असावं.

हे सगळं लिहिताना सहकारी बँकांवर लोकांचा राग वाढावा अशी माझी जराही इच्छा नाही. १८८९ मध्ये बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी उभी केली, तेव्हापासून ही चळवळ मराठी मध्यमवर्गाच्या घामावर वाढली आहे. देशातल्या नागरी सहकारी बँकांपैकी साधारण एक तृतीयांश महाराष्ट्रात आहेत. मोठ्या बँका दारातही उभं करत नव्हत्या तेव्हा भाजीवाल्याला, शिंप्याला, रिक्षावाल्याला, खोली घेणाऱ्या गिरणी कामगाराला कर्ज दिलं ते याच बँकांनी. कितीतरी आजही उत्तम चालल्या आहेत. त्यांच्यात खातं जरूर ठेवा. पण रेघेच्या आत ठेवा.

पतपेढी आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी यांची गोष्ट वेगळीच, आणि इथे मला अगदी स्पष्ट बोलायचं आहे. त्या बँका नाहीत. त्यांच्या ठेवींना डीआयसीजीसीचा एक रुपयाचाही विमा नाही. रोज दारात येणारा पिग्मी एजंट शेजारचा मुलगा असतो, कार्यालय वातानुकूलित असतं, दर बँकेपेक्षा दोन-तीन टक्क्यांनी जास्त असतो आणि पावतीही बँकेसारखीच दिसते. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेत आणि बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यांत ऊसतोड करणारे, एसटीतून निवृत्त झालेले, मुलीच्या लग्नासाठी साठवणारे होते. त्यांच्यासाठी नव्वद दिवसांचा कायदा नाही. पोलीस ठाणं, ठेवीदार संरक्षण कायद्याखाली मालमत्तांची जप्ती, लिलाव आणि कोर्टाच्या तारखा, एवढंच. चांगल्या पतसंस्था आहेत हे मान्य करूनही निवृत्तीची पुंजी तिथे ठेवू नका, हा सल्ला मी कोणालाही देईन.

मग वरची रक्कम कुठे ठेवायची? साठी ओलांडलेल्यांसाठी पोस्टातली आणि मोठ्या बँकांतही मिळणारी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा माणशी तीस लाख आहे, मुदत पाच वर्षांची आणि व्याज दर तिमाहीला हातात. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत एकट्याला नऊ लाख आणि संयुक्त खात्यात पंधरा लाख ठेवता येतात. या पैशांना विम्याची गरजच नाही, कारण देणेकरी खुद्द भारत सरकार आहे. पती-पत्नी दोघांची बहुतेक पुंजी एवढ्यातच बसते. नंतर उरलेली रक्कम दोन-तीन बँकांत विभागली की झालं.

सहकारी बँकेत तुमचे शेअर असतील तर तुम्ही तिचे सभासद आहात, म्हणजे मालक. दरवर्षी साधारण सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा होते आणि छापील अहवाल घरी किंवा मोबाइलवर येतो. त्यात निव्वळ एनपीए, म्हणजे थकीत कर्जं, किती, भांडवल पर्याप्ततेचं प्रमाण किती आणि गेल्या वर्षी रिझर्व्ह बँकेनं दंड केला का, एवढं शोधा. एनपीए दोन-तीन वर्षं सलग चढत असेल, किंवा भांडवलाचं प्रमाण घसरत असेल, तर मुदत संपलेली ठेव पुन्हा तिथे ठेवू नका. उत्तर अहवालात सापडलं नाही तर सभेला जा, उभं राहा आणि संचालकांना विचारा. ते उत्तर देण्यास बांधील आहेत.