कर्जदार परदेशी, जप्ती घरी

कर्जदाराला व्हिसा मिळतो. त्याच्या कर्जाला मिळत नाही. ते मागेच राहते आणि ज्यांनी त्याच्या भवितव्यासाठी विश्वासाने सह्या केल्या त्यांच्या उंबऱ्यावर ठाण मांडते. बार्शीसारख्या बाजारपेठेच्या गावातून परदेशी शिक्षणासाठी निघणाऱ्या मुलामुलींची जी वाट अलीकडे रुळली आहे, ती निवृत्त शिक्षकांच्या, आडत दुकानदारांच्या आणि बागायतदारांच्या गहाण मालमत्तांवरून जाते. मुलाच्या सत्काराचा फलक चौकात लागतो तेव्हा घराची मूळ कागदपत्रे बँकेच्या तिजोरीत गेलेली असतात. त्या फलकाचे फोटो निघतात, तिजोरीतल्या कागदांची चर्चा मात्र कोणी करत नाही. हे मौन यापुढे परवडणारे नाही.

परागंदा कर्जदार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विजय मल्ल्या आणि नीरव मोदी उभे राहतात. पहिला 2 मार्च 2016 रोजी देश सोडून गेला, दुसरा जानेवारी 2018 मध्ये. त्यानंतर संसदेने त्याच वर्षी फरार आर्थिक गुन्हेगार कायदा केला आणि त्याची मर्यादा ठेवली शंभर कोटी रुपये. शंभर कोटींच्या आतले कर्ज मागे टाकून गेलेला माणूस या कायद्याच्या हिशेबात बसतच नाही. त्याच्यामागे कोणतीही तपास यंत्रणा लागत नाही, कारण लागण्याची गरजच नसते. त्याचा बाप हाताशी असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपल्या पतव्यवस्थेने जणू नियमावलीत लिहून घेतली आहे. आणि यातले बहुतेक तरुण चोर नव्हेत, हेही येथेच नोंदवले पाहिजे. नोकरी न मिळाल्याने हप्ता थकलेला मुलगा आणि पगार घेऊनही फोन न उचलणारा मुलगा यांच्यात नीतीचे अंतर मोठे आहे. परंतु वसुलीच्या नोटिशीत दोघांच्या आईबापांसाठी मजकूर एकच असतो.

ही रचना कशी चालते ते पाहा. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही. त्यापलीकडे मालमत्ता गहाण ठेवावी लागते. आई किंवा वडील सहकर्जदार तर दोन्ही वेळी असतात. परदेशी पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च साडेसात लाखांत बसत नाही हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. शिकण्याच्या काळात आणि पुढे वर्षभर हप्त्याला सवलत असते, पण व्याजाला नसते. ते पहिल्या उचलीपासून साठत राहते. बार्शीतली कोणतीही बँक घ्या, सह्यांचा प्रसंग तोच. टेबलावर इंग्रजी छापील कागदांचा गठ्ठा, प्रत्येक पानावर पेन्सिलीची फुली, आणि अधिकाऱ्याचे बोट: इथे, इथे, आणि मागच्या बाजूलाही. वडील मराठीत सही करतात. काय लिहिले आहे हे विचारणे त्यांना असभ्यपणाचे वाटते आणि सांगणे बँकेला वेळेचा अपव्यय वाटतो.

त्या गठ्ठ्यात लिहिलेले असते ते 1872 च्या करार कायद्याचे कलम 128 अधिक बरेच काही. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, असे ते कलम सांगते. आधी कर्जदाराला धरा, तो न सापडल्यास आमच्याकडे या, असे म्हणण्याचा हक्क जामीनदाराला नाही. कर्जाच्या अटी त्याच्या संमतीवाचून बदलल्या तर तो मोकळा होतो, असे संरक्षण कायद्याने दिले आहे. पण तो हक्क सोडल्याचे वाक्य छापील करारात बहुधा आधीच असते. कलम 140 प्रमाणे, सारी रक्कम फेडल्यावर जामीनदार बँकेच्या जागी उभा राहून मूळ कर्जदाराकडून ती वसूल करू शकतो. मूळ कर्जदार टोरांटोत. म्हणजे भाच्यासाठी जामीन राहिलेल्या मामाने कुर्डुवाडी रोडवरचा प्लॉट विकून बँक भागवावी आणि मग कॅनडात दावा लावावा, अशी ही न्यायाची सोय आहे.

तो दावा लावायचा तरी कोणत्या बळावर? परस्परांचे हुकूमनामे थेट अमलात आणण्यासाठी भारताने अधिसूचित केलेल्या देशांत ब्रिटन, सिंगापूर, न्यूझीलंड, संयुक्त अरब अमिराती अशी मोजकी नावे आहेत. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि जर्मनी, म्हणजे आपली मुले जेथे मोठ्या संख्येने जातात ते देश, त्या यादीत नाहीत. बार्शीच्या न्यायालयाचा हुकूमनामा तेथे नेऊन थेट वसुली करता येत नाही. तेथील न्यायालयात तेथील वकील लावून नव्याने झगडावे लागते. तीस-चाळीस लाखांसाठी कोणतीही बँक हा खटाटोप करत नाही. घर जवळ असताना ती टोरांटोला का जाईल?

घर ताब्यात घेण्याचा मार्ग मात्र सरळ आणि गुळगुळीत आहे. हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते. 2002 च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस निघते, त्यानंतर न्यायालयाची पायरी न चढता बँक तारण मालमत्तेचा प्रतीकात्मक ताबा घेते, आणि ती कब्जा नोटीस दोन वृत्तपत्रांत छापली जाते, त्यातील एक स्थानिक भाषेतले. बँकेने कर्ज देताना मराठी वापरली नाही. जप्ती करताना आवर्जून वापरली. मे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. पतसंस्था त्या कायद्याबाहेर असल्या तरी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली वसुली दाखला मिळवून त्यांचे अधिकारी दारात येतात. शेतजमिनीला सरफेसीतून वगळले आहे, हा दिलासाही अपुरा आहे, कारण पतसंस्थेने सात-बाऱ्याच्या इतर हक्कांत चढवलेला बोजा पुढच्या पीककर्जाच्या आड येतो. मुलगा मेलबर्नला आणि पेरणीला पैसे नाहीत, ही अवस्था तालुक्याच्या कोणत्याही गावी येऊ शकते.

काळ सरला की कर्ज विरून जाईल, अशी समजूत परदेशी गेलेल्यांत आणि त्यांच्या गावाकडच्या सल्लागारांत पसरली आहे. ती निखालस खोटी आहे. 1963 च्या मुदत कायद्याच्या कलम 15(5) प्रमाणे प्रतिवादी भारताबाहेर राहिल्याचा काळ दाव्याच्या मुदतीतून वगळला जातो. दहा वर्षे तिकडे राहून परतलेल्यावर दहा वर्षांपूर्वीचा दावा उभा राहू शकतो. एप्रिल 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारी बँकांच्या प्रमुखांना थकबाकीदाराला विमानतळावर अडवणारे 'लुक आउट' परिपत्रक थेट काढवून घेण्याचा अधिकार नाकारला, तो व्यक्तिस्वातंत्र्याचा रास्त सन्मान होता. पण त्याने एक रुपयाचेही कर्ज माफ झालेले नाही.

आखातात जाऊन आलेल्यांसाठी हा चाकू उलट्या बाजूनेही चालतो. 17 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने अमिराती परस्पर देश ठरल्यापासून दुबईच्या बँकेचा हुकूमनामा सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात येथल्याच हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. तिकडचे क्रेडिट कार्ड थकवून रातोरात विमान पकडले की सुटलो, हा हिशेब तेव्हापासून मोडीत निघाला आहे.

या साऱ्याला आता तातडी आली आहे, कारण ज्या भाकितावर ही कर्जे उभी राहिली ते भाकीत कोसळत आहे. पदवी, मग नोकरी, मग डॉलरमधला पगार, मग दोन-तीन वर्षांत फेड, असे ते भाकीत होते. कॅनडाने जानेवारी 2024 मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आणली आणि त्याच महिन्यापासून विद्यार्थ्याने दाखवायची निर्वाहरक्कम 10,000 वरून 20,635 कॅनेडियन डॉलर केली. ब्रिटनने त्याच महिन्यापासून बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंबीय नेण्यास मज्जाव केला. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेने नव्या एच-1बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले. हे निर्णय ओटावा, लंडन आणि वॉशिंग्टनमध्ये होतात; त्यांची किंमत उपळाई रोडवरच्या घराने भरायची असते. मुलगा रिकाम्या हाताने परतला तर रुपयातल्या पगारावर परदेशी खर्चाचे कर्ज फेडतो, आणि न परतला तर तेथे पडेल ते काम करत लपूनछपून जगतो. दोन्ही घरांत म्हातारपणाची पुंजी सारखीच संपते.

आणि हानी एका घरावर थांबत नाही. बुडीत कर्ज सोसते ती पतसंस्था ज्या ठेवींवर उभी आहे त्या भाजीवालीच्या, शिलाई करणाऱ्याच्या, निवृत्त एसटी चालकाच्या आहेत. पगारदार संस्थेत जामीन राहिलेल्या शिक्षकाच्या वेतनातून दरमहा कपात होते, त्याची स्वतःची पत घसरते, त्याच्या मुलीच्या शिक्षणासाठी तो अर्ज घेऊन गेला की सिबिलच्या अहवालात दुसऱ्याच्या मुलाची थकबाकी दिसते. मग तो आयुष्यात पुन्हा कोणाला जामीन राहत नाही. बार्शीचा व्यापार शब्दावर वाढला. आडतीवर माल टाकून शेतकरी निर्धास्त घरी जात असे. जानेवारी 2022 मध्ये उघडकीस आलेल्या शेअर गुंतवणूक प्रकरणात या गावाने त्या शब्दावरच्या विश्वासाची किंमत एकदा मोजली आहे. तेव्हा संशयित निदान स्वतःहून पोलिसांपुढे हजर झाला होता. न्यूजर्सीतल्या कर्जदाराला हजर व्हायला कोणी सांगतही नाही. जामीन देणारा माणूस गावातून नाहीसा झाला की पहिला फटका बसेल तो ज्याच्याकडे तारणाला घर नाही अशा हुशार, गरीब मुलाला.

इतिहास सोलापूर जिल्ह्याला याहून अधिक शहाणपण शिकवून गेला होता. 12 मे 1875 रोजी सुप्यात शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले, दख्खनचे दंगे पेटले, आणि चार वर्षांनी पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला. शेतकऱ्याचा कर्जरोखा ग्रामनिबंधकासमोर लिहिला जावा, अशी तरतूद त्यात होती. परक्या सरकारला 1879 मध्ये जे कळले ते स्वकीय बँकांना अद्याप कळलेले नाही. पुत्राने पित्याचे ऋण फेडावे हा धर्मशास्त्राचा दंडक 2005 च्या हिंदू वारसा दुरुस्तीने नव्या कर्जांपुरता संपवला, ते योग्यच झाले. पण पित्याने पुत्राचे ऋण फेडावे ही नवी रूढी मात्र कोणत्याही विधिमंडळाने संमत न करता प्रस्थापित झाली आहे.

दोषाचे वाटप करताना हातचे राखण्याचे कारण नाही. ज्यांनी प्रवेश मिळवून दिल्याचे दलाली शुल्क घेतले त्या सल्लागार दुकानांवर महाराष्ट्रात अंकुश कोणाचा? पंजाबने 2012 मध्ये प्रवासी सल्लागारांच्या नोंदणीचा कायदा केला, तोही तेथील घरे लुटली गेल्यावर. 1983 चा उत्प्रवास कायदा कामगार भरती करणाऱ्यांना परवाना लावतो. विद्यार्थी पाठवणारा त्यातून सुटतो. केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना विनातारण आणि विनाजामीन कर्ज देते, पण देशातल्या निवडक संस्थांपुरते. ती वाट आपल्या गावात किती पालकांना सांगितली जाते? विमानाचे तिकीट विकणाऱ्याला ती सांगण्यात स्वारस्य नाही, आणि मोठ्या रकमेचे कर्ज मंजूर करून उद्दिष्ट गाठणाऱ्या शाखाधिकाऱ्यालाही नाही. समाज म्हणून आपणही निर्दोष नाही. मुलगा कुठे आहे हे आपण लग्नपत्रिकेत छापतो. हप्ता कोण भरतो हे विचारणे मात्र आपल्याला उणेपणाचे वाटते.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2023 मध्ये कर्जफेडीनंतर तीस दिवसांत मालमत्तेचे कागद परत न करणाऱ्या बँकेला दिवसाला पाच हजारांची भरपाई लावली. कागद परत करण्यासाठी जी कठोरता शक्य झाली ती कागद घेतानाही शक्य आहे. जामीनदाराच्या दायित्वाचे मराठी निवेदन वाचून दाखवल्याशिवाय सही ग्राह्य धरू नये. पहिला हप्ता चुकताच जामीनदाराला कळवावे, नव्वदाव्या दिवशी नव्हे. आणि कर्जदाराचा परदेशातला पत्ता व नोकरीची माहिती दरवर्षी अद्ययावत करण्याचे बंधन मूळ कर्जदारावर टाकावे, वृद्ध सहकर्जदारावर नव्हे. ताबा घेण्यापूर्वी कमावत्या कर्जदाराकडे तडजोडीचा प्रस्ताव गेल्याचा पुरावा बँकेने द्यावा. राज्य सरकारने विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात परदेशी शिक्षण सल्लागारांच्या नोंदणीचे विधेयक आणावे.

सोलापूर जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया आहे आणि बँकांच्या जिल्हास्तरीय बैठकीचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. किती शैक्षणिक कर्जे थकली, किती कर्जदार परदेशात आहेत आणि किती आईबापांच्या घरांवर कब्जा नोटीस लागली, हे तीन आकडे तालुकावार त्या बैठकीपुढे येण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी ते पुढच्या बैठकीत मागावेत आणि बार्शीकरांपुढे जाहीर करावेत.