बांज उभा आहे, पण जंगल?

कुमाऊंमध्ये बदलीवर आलेला अधिकारी पाहुण्यांना समोरचा डोंगर दाखवतो, "बघा, काय जंगल आहे!" मला ते पटत नाही. बांज, म्हणजे इथला ओक, माणसाच्या कित्येक पिढ्या उभा राहतो. नुसती झाडं मोजून जंगल जिवंत ठरवणं म्हणजे भरती बंद असलेल्या पलटणीची हजेरी घेऊन खूश होणं. जरा खाली वाकून पाहा, मनगटाएवढी कोवळी झाडं किती दिसतात?

1981 मध्ये 1000 मीटरच्या वर हिरवी झाडं तोडायला बंदी आली. कुऱ्हाड थांबली, विळा चालूच राहिला. चाऱ्यासाठी दरवर्षी ओरबाडलेल्या बांजाला फळ धरत नाही. यात बायकांना दोष देऊ नका. गॅसने चूल सुटली, पण म्हैस काही गॅस खात नाही. जे थोडं बी पडतं ते वाळलं की मेलं. पराग वाऱ्यावर लांब जातात, पण जड बी पलीकडच्या तुकड्यात न्यायला पक्षीच लागतो, आणि मधल्या उतारावर चीडचं रान, उन्हाळ्यात वणवा. तोडलेल्या बुंध्याला धुमारे फुटतात खरे, पण तो जुनाच जवान, नवा रिक्रूट नव्हे.

आणि आपण काय करतो? जुलैत खड्डे खणून फोटो! त्यापेक्षा वन पंचायतींना, त्या इथे 1931 पासून आहेत, बांजाचे पट्टे आळीपाळीने काही वर्षं बंद ठेवू द्या. तेवढ्या वर्षांचा चारा सरकारने द्यावा.