माळाला खड्डे नकोत, गवत हवं

पावसाळा तोंडावर आला की आमच्या इंदापूर तालुक्यात टेम्पो भरभरून रोपं येतात. माळावर खड्डे पडतात, फोटो निघतात. 2019 मध्ये राज्याचं उद्दिष्ट 33 कोटी झाडांचं होतं, तेव्हा तर विचारूच नका. मी पाहिलेल्या रोपांत उंदीरमारीच फार. मूळची मध्य अमेरिकेतली. आमची मेंढरं तिला सहसा तोंड लावत नाहीत म्हणून ती जगते, आणि जगते म्हणून अहवालात बरी दिसते. तिची दाट सावली पडली की खालचं गवत संपलं.

माळरान म्हणजे झाडं मेलेलं रान नव्हे. पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी, मधूनच हिवर नाहीतर बोर, असंच ते असतं. पवन्याचा ठोंब उपटून बघा. हात कापेल, ठोंब हलणार नाही. उन्हाळ्यात वर नुसत्या काड्या उरतात, पण मुळं जिवंत असतात आणि वळवाच्या पहिल्या सरीला कोंब फुटतो. कुसळीची तर गंमतच. तिच्या बियाला पाणी लागलं की शेपटी स्वतःभोवती फिरते आणि टोक आपणहून मातीत घुसतं. (मेंढराच्या लोकरीत आणि आमच्या धोतरातही घुसतं, ते सोडा.)

आता पाऊस महिनाभर दडी मारतो आणि मग एका रात्रीत धो धो कोसळतो. अशा वेळी माती धरून ठेवतात ती ही मुळं. जमिनीतला कार्बनही तीच सांभाळतात. खड्ड्यातलं रोप तोवर टँकरची वाट बघत असतं.

वन विभागानं कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली, हे चांगलंच झालं. चिंकारा बघायला लोक पैसे मोजून येतात. मग शेजारच्या गायरानात खड्डे कशासाठी? दिवाळीच्या सुमारास जवळच्याच माळावरून बी गोळा करावं, पावसाआधी फेकावं, दोन पावसाळे चराई बंद ठेवावी. तोवर मेंढपाळांना दुसरं रान नेमून द्यावं, नाहीतर आमची धनगर माणसं ऐकणार नाहीत, आणि का ऐकावं? झाडं लावायचीच तर ओढ्याकाठी करंज आणि बांधावर बाभूळ लावा.

ग्रामसभेत हे मांडलं तेव्हा एकजण म्हणाला, "गुरुजी, गवताला कुणी निधी देतं का?" दुष्काळात चारा छावण्यांना देतंच की सरकार.