आजोबांची रायफल आणि कायद्याची मोजणी

उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनानंतर ‘थ्री नॉट थ्री’ला निरोप दिला. दहा गोळ्यांचे मॅगझिन, हाताने ओढायचा बोल्ट, लाकडी दस्ता. दोन महायुद्धे लढलेली ही ली-एनफिल्ड बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यातही घडली. ब्रिटन-अमेरिकेतील संग्राहक तिच्यावरचे शिक्के वाचून कारखाना आणि साल सांगतात. भारतीय नागरिकाला मात्र सैनिकी बोअरची ही रायफल नेहमीच्या परवान्यावर मिळत नाही. त्याच्यासाठी त्याच यंत्ररचनेवर .३१५ बोअरची रायफल बनवली गेली, आणि जुन्या घरांतून आढळते ती बहुधा हीच.

खरा पेच वारशाचा आहे. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. (मूळ विधेयकात तर एकच होते!) वारशाने आलेले शस्त्रही याच मोजणीत येते. नावावर आधीच दोन शस्त्रे असतील, तर आजोबांची रायफल ठेवायला त्यातले एक सोडावे लागते. नाहीतर तिची रवानगी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे. तेलपाण्याविना तिथे नळीचे काय होते, हे जाणकारांना सांगायला नको.

गैरवापर रोखण्याचा हेतू रास्तच. परंतु गुन्ह्यांत सापडणारी बहुतांश शस्त्रे मुळात परवान्याचीच नसतात. शस्त्र कायद्याचे ४५ वे कलम पुराणवस्तूला सूट देते, तीही दुरुस्तीनेसुद्धा चालू शकणार नाही अशा शस्त्रालाच. म्हणजे रायफल घरी राहावी तर ती कायमची निकामी हवी. आणि संग्राहकाला तर तिचा चालता बोल्टच जपायचा असतो.