काचेचा पूल आणि एका रुपयाची पुण्याई

कन्याकुमारीच्या सागरात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन शिळा ३० डिसेंबर २०२४ रोजी एका पुलाने जोडल्या गेल्या. एका शिळेवर विवेकानंद शिलास्मारक आहे, तर दुसरीवर तिरुवल्लुवरांचा १३३ फूट उंचीचा पाषाणपुतळा. ७७ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि मधोमध पारदर्शक काचेची वाट असलेला हा पूल तामिळनाडू सरकारने सुमारे ३७ कोटी रुपये खर्चून उभारला. पाणी उथळ झाले की पुतळ्याच्या शिळेकडे नाव नेता येत नसे. दूरवरून आलेल्या यात्रेकरूंना समोरचा पुतळा दुरूनच पाहून परतावे लागे. ती अडचण दूर झाली.

या पुलामुळे शिलास्मारकाचे एकांत गांभीर्य भंगेल, असा सूर काही सज्जनांनी काढला आहे. त्यांनी थोडा इतिहास आठवावा. १९६३ साली तत्कालीन केंद्रीय मंत्री हुमायून कबीर यांनी शिलास्मारकाला हरकत घेतली होती, ती शिळेचे नैसर्गिक सौंदर्य बिघडेल याच कारणाने. तेव्हा जो युक्तिवाद स्मारकनिष्ठांनी खोडून काढला, तोच आज पुलाविरुद्ध वापरणे शोभणारे नाही. चिंतेचा विषय वेगळा आहे. काचेवरून चालणाऱ्या लक्षावधी पावलांना आपण कोठून निघालो हे ठाऊक असेल काय?

या शिळेचे परंपरागत नाव श्रीपाद पारै. देवी कन्याकुमारीने येथे तप केले आणि तिचे पदचिन्ह शिळेवर उमटले, ही लोकश्रद्धा. डिसेंबर १८९२ मध्ये भारतभ्रमणाच्या अखेरीस स्वामी विवेकानंद येथे ध्यानस्थ बसले. त्या चिंतनाविषयी त्यांनी १८९४ साली अमेरिकेहून गुरुबंधूंना लिहिले. त्यात मोक्षाची चर्चा कमी आणि गावोगावी जाऊन दरिद्री जनांना ज्ञान देणाऱ्या निःस्वार्थ संन्याशांची योजना अधिक होती. शिळेचे खरे माहात्म्य हेच आहे.

स्वामीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त जानेवारी १९६३ मध्ये शिळेवर एक स्मृतिफलक बसविण्यात आला. शिळेवर हक्क सांगणाऱ्या काही स्थानिक ख्रिस्ती मच्छीमारांचा त्याला विरोध होता, तत्पूर्वी तेथे क्रूसही उभारला गेला होता. मे महिन्यात तो फलक फोडून समुद्रात फेकण्यात आला. प्रकरण चिघळण्याची सर्व चिन्हे होती. अशा वेळी हे कार्य एकनाथजी रानडे यांच्याकडे सोपविण्यात आले.

अमरावती जिल्ह्यातील टिमटाळा येथे जन्मलेल्या आणि संघाचे सरकार्यवाहपद सांभाळलेल्या या कार्यकर्त्याने संघर्षाऐवजी संमतीचा मार्ग धरला. डिसेंबर १९६३ मध्ये त्यांनी दिल्लीत तीन दिवसांत सर्व पक्षांच्या ३२३ खासदारांच्या स्वाक्षऱ्या मिळविल्या. मद्रासचे मुख्यमंत्री भक्तवत्सलम यांनी प्रथम केवळ १५ फूट लांबी-रुंदीच्या देवळीस अनुमती दिली होती. कांचीच्या परमाचार्यांनी भव्य आराखड्यास मान्यता देताच तीही अडचण मिटली. विरोधकांशी वैर न धरता त्यांना कार्यात सहभागी करून घेणे, ही एकनाथजींची कार्यपद्धती प्रत्येक कार्यकर्त्याने अभ्यासावी अशी आहे.

निधीची गोष्ट तर त्याहून उद्बोधक आहे. स्मारकाचा खर्च सुमारे सव्वा कोटी रुपयांच्या पुढे गेला. काही धनिकांच्या देणग्यांवर विसंबून न राहता सामान्य माणसाकडून एकेक रुपया मागण्यात आला आणि सुमारे ३० लाख लोकांनी तो दिला. ख्रिस्तीबहुल नागालँडसह बहुतेक राज्य सरकारांनीही वाटा उचलला. मग किनाऱ्यावर व शिळेवर धक्के बांधून, तराफ्यांवरून पाषाण वाहून नेऊन मंदिर उभे राहिले. २ सप्टेंबर १९७० रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्या समारंभास मुख्यमंत्री म्हणून करुणानिधी उपस्थित होते. पुढे १ जानेवारी २००० रोजी त्यांनीच तिरुवल्लुवरांच्या पुतळ्याचे अनावरण केले आणि नव्या पुलाचे उद्घाटन त्यांचे पुत्र स्टॅलिन यांनी केले.

या दोन शिळांना दोन परस्परविरोधी अस्मितांची प्रतीके ठरविण्याचा मोह राजकारणाला अधूनमधून होतो. वस्तुस्थिती त्याच्या उलट आहे. तिरुक्कुरलचे १३३ अध्याय अरम्, पोरुळ आणि इन्बम्, म्हणजेच धर्म, अर्थ आणि काम, अशा तीन विभागांत मांडले आहेत. पुतळ्याचा ३८ फुटांचा चौथरा हा धर्मविभागाच्या ३८ अध्यायांचा द्योतक असून उरलेले दोन पुरुषार्थ त्यावर उभे आहेत. दुसरीकडे, स्वामीजींना शिकागोला पाठविण्यासाठी अळसिंग पेरुमळ आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी मद्रासमध्ये दारोदार फिरून वर्गणी गोळा केली होती. तामिळ भूमीने स्वामीजींना प्रथम ओळखले. काचेच्या पुलापूर्वी सव्वाशेहून अधिक वर्षे या दोन शिळा मनाने जोडलेल्याच होत्या.

एकनाथजींना दगडाचे स्मारक पुरेसे वाटले नाही. १९७२ साली त्यांनी विवेकानंद केंद्र स्थापन केले, ते स्वामीजींच्या त्या पत्रातील योजनेला माणसे मिळावीत म्हणून. दक्षिणेच्या सहलीला निघणाऱ्या मराठी कुटुंबांनी पुलावर छायाचित्रे अवश्य काढावीत. त्याआधी ध्यानमंडपात काही क्षण शांत बसावे आणि मुलांना त्या एका रुपयाची गोष्ट सांगावी. पूल शासनाच्या तिजोरीतून बांधता येतो. शिलास्मारक मात्र ३० लाख हातांनी उभारले, आणि त्या हातांचे ऋण अद्याप फिटलेले नाही.